बारावीचं फिजिक्स प्रॅक्टिकल: चौघांनी मिळून तयारी कशी करायची

आमच्या बॅचमध्ये वर्षभर वाटणी ठरलेली होती, कनेक्शन एक जण करणार, जॉकी (तारेवर टेकवायची धातूच्या टोकाची मूठ) दुसरा धरणार आणि अक्षर बरं म्हणून रीडिंग मी लिहिणार. जर्नल एकदम चकाचक. आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मला नेमका मीटर ब्रिज आला (एक मीटर तारेवर अनोळखी रेझिस्टन्स मोजायचा प्रयोग), जॉकी तारेवर कुठेही टेकवा, गॅल्व्हानोमीटरचा (बारीक करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा आपला एकाच बाजूला. वीस मिनिटं गेली त्यात. शेवटी लक्षात आलं की रेझिस्टन्स बॉक्समधला एकही प्लग मी काढलेला नाही. त्या बॉक्सचं उलटं असतं ना, प्लग घट्ट बसलेला म्हणजे रेझिस्टन्स शून्य, काढला की तेवढे ओहम सर्किटमध्ये येतात. वर्षभर रीडिंग लिहून हे मला माहीत नव्हतं, कारण त्या बॉक्सला हातच लावला नव्हता.

तर पहिलं काम म्हणजे तीन-चार जणांचा ग्रुप करा, त्याहून मोठा नको, पाचवा माणूस कायम मोबाईलवर असतो. आणि ज्याला जे येत नाही ते त्याच्याकडे द्या. कनेक्शनमधल्या हुशार माणसाने हात मागे बांधून नुसतं बघायचं, बोलायचं पण नाही (हे त्याला फार जड जातं). प्रिलिम झाली की कॉलेजमध्ये रिपीट प्रॅक्टिकल ठेवतात, त्या दिवशी गप्पा न मारता हेच करा, आणि लॅबवाल्या काकांशी नीट वागा, कुठल्या सेटची कुठली वायर आतून तुटलीये हे सरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आता आमचा सगळ्यात कामी आलेला खेळ सांगते, पण तो मी माझ्या धाकट्या भावाच्या ग्रुपला खेळायला लावला, आमच्या वेळी सुचला नव्हता. एकाने सर्किट जोडायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवायची, मग त्याने एकच बिघाड करून ठेवायचा. वायरचं टोक पॉलिश पेपरने न घासता तसंच लावायचं, सर्किट चालू-बंद करायची प्लग-की सैल ठेवायची, किंवा झेनर डायोडची टोकं उलटी लावायची. बाकीच्यांनी पाच मिनिटांत शोधायचं. मीटर ब्रिजला सुरुवात कायम एकाच गोष्टीने करायची, जॉकी तारेच्या डाव्या टोकाला टेकवा, मग उजव्या. काटा विरुद्ध बाजूंना गेला तर कनेक्शन बरोबर, एकाच बाजूला गेला तर आधी सेल, मग वायर, मग प्लग असं बघत जायचं. जॉकी टेकवून उचलायची, तारेवर घासत न्यायची नाही, तार झिजते आणि बघणाऱ्याच्या कपाळावर आठ्या येतात.

नल पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, साधारण मध्यावर यायला हवा, 30 ते 70 सेंटिमीटरच्या आत. समजा बॉक्समधून 5 ओहम काढले आणि X च्या (मोजायच्या अनोळखी रेझिस्टन्सच्या) बाजूला 42 सेंमी आले, तर X म्हणजे 5 गुणिले 42 भागिले 58, साधारण 3.62 ओहम. मग X आणि बॉक्सची अदलाबदल करा, 58 च्या आसपास यायला हवं. हे दोघांनी वेगवेगळं काढून ताडून बघा, लॉग टेबल वापरून, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो आणि अँटिलॉग बघताना निम्मी मुलं चुकीच्या पानावर असतात.

घरी करण्यासारखं पण आहे. दोऱ्याला कुलूप बांधा, खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत 80 सेंमी, आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर 20 ऑसिलेशन्स मोजा. साधारण 36 सेकंद यायला हवेत. 34 आले तर तुम्ही स्टॉपवॉच दाबताना "एक" म्हणालात, म्हणायचं असतं "शून्य", त्यामुळे 19 च झाली. एवढ्याशा चुकीने यावरून काढलेलं g (गुरुत्वीय त्वरण) 9.8 च्या जागी 10.8 च्या पुढे जातं. स्प्रिंगच्या प्रयोगात पण हीच चूक, म्हणून एकाने मोठ्याने मोजायचं आणि दुसऱ्याने मनात.

रेझोनन्स ट्यूबला (नळीतल्या हवेत आवाज घुमवून त्याचा वेग काढायचा प्रयोग) अंदाज आधी माहीत पाहिजे, 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क असेल तर पहिला आवाज 16 सेंमीच्या आसपास घुमतो, तिथेच हळूहळू शोधा, उगाच पूर्ण नळी वरखाली करत बसू नका. फोर्क रबर पॅडवरच मारायचा. आणि नळीच्या तोंडासाठी जी दुरुस्ती धरतात त्या 0.3d मधला d म्हणजे नळीचा आतला व्यास, व्हर्नियरच्या वरच्या जबड्यांनी घ्यायचा.

उत्तर आधी ठरवून मागून रीडिंग बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. ग्राफवर सगळे पॉइंट्स रेषेवर मोत्यासारखे बसलेले दिसले की परीक्षक तिथेच उभं करून एक रीडिंग परत घ्यायला लावतात. चुकलेलं रीडिंग एका रेषेने खोडा, व्हाइटनर नको. स्लोप काढताना रेषेवरचे लांबचे दोन पॉइंट घ्या, टेबलमधले नाहीत.

ओरलसाठी प्रश्नांची पीडीएफ फॉरवर्ड करून काही होत नाही. प्रत्येकाने आपल्या प्रयोगावर पाच "का" काढायचे आणि दुसऱ्याला विचारायचे. जाड तांब्याच्या पट्ट्या का? तार कॉन्स्टंटनची किंवा मँगॅनिनची का, तांब्याची का नाही? केल्विनच्या पद्धतीत (गॅल्व्हानोमीटरचाच रेझिस्टन्स मोजायच्या) नल पॉइंट न शोधता काटा जागचा हलत नाही ती जागा का शोधतो? या शेवटच्यावर आमच्याकडे जोरदार भांडण झालं होतं, आणि तेच उत्तर मला अजून तोंडपाठ आहे: गॅल्व्हानोमीटर स्वतःच ब्रिजच्या एका गॅपमध्ये बसलेला असतो, करंट त्याच्यातून जातच राहणार, मग काटा शून्यावर येईल कसा.

मार्क थिअरीला 70 आणि प्रॅक्टिकलला 30. आदल्या संध्याकाळी जर्नलवर सही-शिक्का झालाय का हे एकमेकांचं उघडून बघा, स्वतःचं बघताना सुटतं.