नदीवरचे तीन दिवस: आखणी कशी करावी

नकाशा उघडला की मी आधी शेवटची जागा शोधते, सुरुवातीची नंतर. कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) पाण्याबाहेर कुठे काढायची आणि गाडी तिथे आधी कशी पोचवायची, हे ठरलं की निम्मं काम झालं. संथ पाण्यात दिवसाला १५ ते २० किलोमीटर होतात; पण ज्या दिवशी डोंगरही चढायचा, त्या दिवशी मी ८च धरते. दुपारी वारा समोरून आला की वल्हवून खांदे भरून येतात, म्हणून पहाटेच निघायचं. लाइफ जॅकेट अंगात, बकल लावून.

कयाकमध्ये जड सामान तळाशी, मधोमध. स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे वेगवेगळ्या ड्राय बॅगांत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्यांत. हवा दाबून काढा, तोंड तीनदा दुमडा, मगच बकल लावा. एकदा घाईत मी एकच घडी घातली आणि रात्रभर ओल्या बॅगेत कुडकुडत बसले.

तंबू पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब आणि उंचावर. त्याआधी झुडपांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा बघा. मागचा पूर तिथवर चढला होता. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला, तर इथे आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढतं. म्हणून झोपण्याआधी कयाक झाडाला बांधते आणि पाण्याच्या कडेला एक काडी रोवते. उठल्याबरोबर पहिली नजर तिच्यावर.