केस गळतायत? काही विकत आणायच्या आधी प्रकार ओळखा

कंगव्यात केसांचा पुंजका दिसला की पहिला प्रश्न येतो "आता काय लावू", आणि गाडी तिथेच चुकते. केस गळणं हा एक आजार नाहीये, पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींत सारखंच दिसतं आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. म्हणून आधी तीन गोष्टी बघा: गळती कधीपासून आहे, कुठून आहे, म्हणजे सगळीकडून, की फक्त कपाळ, टाळू, भांग, की एकच गोल चट्टा, आणि तिथली त्वचा कशी दिसतेय.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोनेक आठवड्यांत त्याची वाढ बंद होते, मग जवळपास ३ महिने तो नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, आणि तीन-चार दिवसांनी डोकं धुतलं तर एकदम ढीगभर दिसणारच, कारण ते आधीच सुटलेले असतात, शॅम्पूने गळत नाहीत. रोज केस मोजत बसू नका, त्याने फक्त टेन्शन वाढतं. तपासायचंच असेल तर ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे हळूच ओढा, डोक्याच्या तीन-चार ठिकाणी करा, प्रत्येक वेळी पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती खरंच चालू आहे.

आता "कधीपासून" हा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अचानक, सगळ्या डोक्यावरून, मूठभर केस जात असतील तर कॅलेंडर घ्या आणि २-३ महिने मागे जा. मोठा ताप, कोविड, ऑपरेशन, डिलिव्हरी, झटपट वजन उतरवणारं डाएट, घरातलं मोठं दुःख, एखादी गोळी सुरू किंवा बंद, यातलं काहीतरी बरेचदा सापडतं. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात, शरीराला धक्का बसतो तेव्हा खूप केस एकदम विश्रांतीत जातात आणि तीन महिन्यांनी एकदम गळतात, म्हणून कारण आणि परिणाम यांचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. चांगली गोष्ट ही की कारण गेलं की बहुतेकांची गळती साधारण ६ महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात, फक्त महिन्याला सेंटीमीटरभर वाढत असल्याने पूर्वीसारखे दिसायला वेळ लागतो. आणि नेमकं या काळात माणूस जे काही लावत असतो त्याला क्रेडिट मिळतं! कित्येक तेलं आणि सीरम "लागू पडतात" ती अशी.

गळती ६ महिन्यांपुढे गेली तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइडची टीएसएच, आणि डॉक्टरांना वाटलं तर व्हिटॅमिन डी. पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर जाड केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची तपासणी. कमतरता निघाली तर ती भरून काढा, पण कमतरता नसताना सप्लिमेंट खाऊन केस वाढतात असं दाखवणारा चांगला पुरावा नाहीये, उलट व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. बायोटिनची खरी कमतरता फार कमी लोकांना असते, आणि त्याच्या मोठ्या डोसने थायरॉइडचे आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये तशी वॉर्निंग दिली आहे. घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा.

हळूहळू, वर्षानुवर्षं, पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, बायकांत रुंद होत जाणारा भांग, असा पॅटर्न असेल तर गोष्ट वेगळी. इथे केस नुसते गळत नाहीत, दर फेरीला बारीक आणि आखूड होत जातात. जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधीच अंडकोष काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना पडायला लागतं. मग १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास आला, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे त्याचंच जास्त जोरकस रूप, बनवणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं आणि त्या पुरुषांत असं टक्कल दिसत नव्हतं. फिनास्टराइड हे गोळीचं औषध याच एन्झाइमला अडवतं. आधी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम आलं, १९९७ मध्ये केसांसाठी १ मिलिग्रॅम. आणि टक्कल फक्त आईकडून येतं हे खरं नाही, जनुकं दोन्हीकडून येतात.

पण ही गोळी स्वतःहून सुरू करू नका. थोड्या लोकांना लैंगिक तक्रारी होतात, काहींचं मन खचतं, आत्महत्येचे विचार आल्याच्याही नोंदी आहेत, तसं काही जाणवलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांशी बोला. प्रोस्टेटच्या पीएसए टेस्टचा आकडा हिच्यामुळे निम्म्यावर येतो, तेही सांगायला हवं. गरोदर बाईने ही गोळी घ्यायची नाही आणि फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही, आणि गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही.

मिनॉक्सिडिल मुळात ब्लड प्रेशरची गोळी, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचं लोशन झालं, पुरुषांसाठी १९८८ मध्ये मंजुरी, बायकांसाठी १९९१ मध्ये. ते लावायचं केसांना नाही, कोरड्या त्वचेवर, रोज, न चुकता. पहिल्या २ ते ८ आठवड्यांत गळती वाढू शकते, जुने केस नव्यांना जागा करून देतात, आणि बहुतेक लोक नेमके इथेच घाबरून सोडतात. किमान ४-६ महिने द्या, खरा निकाल वर्षाने बघा. बंद केलं की ३-४ महिन्यांत मिळालेलं जातं हेही आधीच समजून घ्या. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको, हार्टचा त्रास असेल तर आधी विचारा. आणि घरात मांजर असेल तर फार जपा, तिने चाटलं तर जिवावर बेतू शकतं.

सुरू करायच्या दिवशी फोटो काढा, मग दर महिन्याला त्याच लाइटमध्ये, तोच भांग, केस तसेच कोरडे. आरशावर विश्वास ठेवू नका, रोज बघितल्यावर फरक कळतच नाही.

गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती बहुधा चाई, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. छोटे चट्टे बरेचदा वर्षभरात आपोआप भरतात, नाहीतर त्या जागी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. संशोधनात खरी मोठी झेप इथे आहे: चाईने डोक्यावरचे बरेच केस गेलेल्या लोकांसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब आणि २०२३ मध्ये १२ वर्षांपासून पुढे रिटलेसिटिनिब ही औषधं मंजूर झाली, वर्षानुवर्षं "काही उपाय नाही" ऐकलेल्या लोकांचे केस परत आलेत. पण सगळ्यांचे येत नाहीत, इन्फेक्शनचा धोका वाढतो, आणि औषध थांबवलं की चाई परत येऊ शकते. लहान मुलाच्या डोक्यात चट्टा असेल, पापुद्रे असतील, केस तुटलेले असतील तर फंगस असू शकतं, त्याला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही.

थांबायचं नाही असं एकच: डोक्यात आग, दुखणं, लाली, पू, किंवा चट्ट्यावरची त्वचा चकचकीत होऊन केसांची भोकंच दिसेनाशी होणं, किंवा कपाळाची रेषा मागे जाताना भुवयाही विरळ होणं. यात मूळ कायमचं मरू शकतं, आणि एकदा मेलं की कुठलंच औषध ते जिवंत करू शकत नाही, म्हणून त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरकडे जा, बायोप्सी सांगितली तर करून घ्या.

कुठल्याही नव्या उपायाची जाहिरात बघताना विचारा की औषध नसलेल्या दुसऱ्या गटाशी तुलना केली होती का, किती महिने, आणि केस कुणी मोजले. पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचण्याचे, काही अभ्यास चांगले आहेत, पण प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी असल्याने निकालही वेगळे येतात, म्हणून माझ्या मते ते पहिला उपाय म्हणून नको, औषधांच्या जोडीला ठीक.

ट्रान्सप्लांट शेवटी. मागच्या भागातले केस पुढे लावले तरी मागच्यासारखेच टिकतात हे १९५९ मध्ये नॉर्मन ऑरेन्ट्राइखने मांडलं, सगळं त्यावरच उभं आहे. पण आजूबाजूचे तुमचे जुने केस गळतच राहतात, मागचा साठाही मर्यादित असतो, म्हणून विशीत घाई नको, आधी वर्षभर औषधाने गळती स्थिर करा आणि करणाऱ्याला सरळ विचारा की केस कोण काढणार आणि कोण लावणार, डॉक्टर स्वतः की दुसरं कुणी.