पहिल्या युरोप सहलीत कुठल्या शहराला किती रात्री द्यायच्या?

पासपोर्ट आहे, रजा मंजूर आहे आणि बजेटवरून घरात भांडून झालंय, असं धरून चालते. उदाहरणाला आपल्याकडचा नेहमीचाच मार्ग घेऊ: पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. हातात १२ रात्री.

आधी विमान. उतरायचं पॅरिसला, परत निघायचं रोमहून. तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडा. परतीच्या विमानासाठी पुन्हा पॅरिस गाठणं म्हणजे एक अख्खा दिवस पाण्यात.

मग शहरांची यादी लिहा आणि निम्मी खोडा. व्हेनिस खोडताना जीव तुटतो, तरी खोडा. ‘एवढ्या लांब जाताच आहात तर प्रागही उरकून घ्या’ असं सांगणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या.

आता खरी मेख. बहुतेक जण दिवस मोजतात आणि तिथेच फसतात. मोजायच्या त्या रात्री. दोन रात्री मुक्काम म्हणजे त्या शहरात पूर्ण दिवस एकच. एक रात्र म्हणजे शून्य दिवस, नुसती झोप.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पहिल्या सहलीत मी ११ रात्रींत ६ शहरं बसवली होती, आणि तो तक्ता रंगीत पेनांनी सजवला होता. फ्लॉरेन्सला साडेबाराला पोचलो, तर भाड्याच्या घराची चावी तीनशिवाय मिळणार नव्हती. बाबा गल्लीत बॅगेवर बसले, मांडीवर थेपल्यांचा डबा. आई एकदाच बोलली, ‘हे बघायला आलोय का आपण?’ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची रोमची गाडी. फ्लॉरेन्स म्हटलं की मला अजून त्या घराचं हिरवं दारच आठवतं.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे: गाडीच्या वेळेत तीन तास मिळवायचे, विमान असेल तर पाच. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला वेगवान गाडी तीन तासांत जाते, तिथे गाडी बदलून ल्युसर्न हे तिथलंच शहर आणखी तासाभरावर. कागदावर चार तास. पण बॅगा भरणं, नाश्ता, मेट्रोच्या पायऱ्या, गाडी बदलण्यातली वाट आणि नवं हॉटेल शोधणं धरलं, तर सकाळी साडेआठला निघालेला माणूस साडेतीनला खोलीत टेकतो. त्या दिवशी ल्युसर्नच्या जुन्या लाकडी पुलावर फेरी मारा आणि जेवा. बाकी काही त्या दिवसात बसवू नका.

या हिशेबाने माझी वाटणी अशी: पॅरिस ४, ल्युसर्न ३, फ्लॉरेन्स २, रोम ३.

पॅरिसला चार, कारण पहिला दिवस तुमचा नसतोच. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो. तिकडे रात्री आठला लख्ख ऊन असतं आणि तुमच्या अंगात साडेअकरा वाजलेले असतात. त्या संध्याकाळी आयफेल टॉवरचं तिकीट काढणारे लोक मी रांगेत पेंगताना पाहिलेत. ल्युसर्नला तीन, कारण डोंगराला राखीव दिवस लागतो. जवळचा पिलाटुस डोंगर असो की टिटलिस, सकाळी उठून वरच्या वेबकॅमवर ढग बघायचे आणि मगच तिकीट काढायचं. एकच पूर्ण दिवस हाताशी असेल तर धुकं बघून परत याल. युंगफ्राऊयोखच, म्हणजे बर्फातलं ते उंचावरचं रेल्वे स्टेशनच, करायचं असेल तर ल्युसर्न सोडून इंटरलाकेनला राहा. तीन रात्रींत दोन्हीकडे मुक्काम हा निव्वळ वेडेपणा. ल्युसर्न ते फ्लॉरेन्स हा पूर्ण दिवस प्रवासाचाच समजा. पिसाचा मनोरा हवा असेल तर फ्लॉरेन्सहून तासाभराची गाडी आहे, पण त्यासाठी तिथली तिसरी रात्र पॅरिसमधून काढावी लागेल. मी काढणार नाही.

वाटणी झाली की तिच्यावर वार लिहा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. तिथलंच ओर्से संग्रहालय, पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा आणि फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद. रोममधली व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा सोडून. गरज पडली तर सहल एक दिवस सरकवा.

शेवटी व्हिसा. या तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, आणि त्याचा अर्ज जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे करायचा. इथे ‘देश’ हा शब्द नीट वाचा. वरच्या वाटणीत सगळ्यात मोठा मुक्काम पॅरिसचा दिसतो म्हणून लोक फ्रान्सकडे धावतात. पण फ्लॉरेन्सच्या २ आणि रोमच्या ३ मिळून इटलीच्या ५ होतात, म्हणजे अर्ज इटलीकडे. दोन देशांत रात्री सारख्याच आल्या, तर पहिल्यांदा जिथे पाऊल ठेवणार तो देश. अर्ज सहलीआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, त्यामुळे वाटणी त्याआधी पक्की हवी. अर्ज दिल्यावर एखादी रात्र इकडची तिकडे करायची नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. स्वस्तातली रेल्वे तिकिटं लवकर संपतात हे खरं, पण त्यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. ती व्हिसाचा शिक्का बघून, त्याच रात्री काढा.