कामातलं अध्यात्म वर्गात कसं शिकवावं

पहिल्याच तासाला मुलांना डोळे मिटून बसवू नका. मी सुरुवातीला तेच करायचे. काहींना ते प्रवचन वाटायचं, आणि ज्यांचा धर्म वेगळा किंवा जे धर्म मानतच नाहीत, ती मुलं अवघडून जायची. आता मी कामापासूनच सुरू करते.

एमबीएच्या मुलांना कोरा कागद द्या. इंटर्नशिपमधला, घड्याळाकडे लक्षच गेलं नाही असा एक तास लिहायला सांगा. काय केलं, कोणासाठी केलं, सोबत कोण होतं, एवढंच. एका मुलीने लिहिलं होतं: गोदामात याद्या जुळवताना चुकलेला पत्ता सापडला आणि औषधाचं खोकं योग्य घरी गेलं. वाचताना तिचा आवाज कापरा झाला. अशा वेळी शिक्षकाने मध्ये बोलू नये. वर्गाला ते ऐकू द्यावं.

संकल्पना त्यानंतर. अ‍ॅशमॉस आणि डुचॉन या संशोधकांनी २००० साली कामातल्या अध्यात्माचे तीन धागे मांडले: आंतरिक जीवन, अर्थपूर्ण काम आणि समूहाशी नातं. मुलांना ते आपापल्या कागदावर शोधू द्या. एखादा सापडतच नाही, आणि चर्चा तिथूनच पेटते. जोडीला एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास घ्या. कामाकडे कोणी पोटापाण्याची नोकरी म्हणून बघतं, कोणी करिअर म्हणून, कोणी जीवितकार्य म्हणून. ऑफिस सहाय्यकाच्या एकाच पदावरही तिन्ही दृष्टी आढळल्या. मात्र पोटासाठी राबणारा कमी प्रतीचा नाही, हे स्पष्ट सांगा. वर्गात कुणाच्या घरी कर्जाचे हप्ते थकलेले असतात.

सर्वांत जास्त वेळ मी एका सूचनेला देते. ‘आपण एक कुटुंब आहोत, रविवारीही या’ असं फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं: फायदा कोणाचा? नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं? ‘अर्थपूर्ण काम’ म्हणत जादा राबवून घेणं मुलांना ओळखता आलं नाही, तर हा विषय शिकवूच नये असं माझं ठाम मत आहे.

श्रद्धेला मार्क देऊ नका. निरीक्षणाला आणि युक्तिवादाला द्या. रोजच्या नोंदींची वही मी मागत नाही, मुलं त्यातलं स्वतः निवडलेलं एक पान देतात. मौन हवं असेल तर तीन मिनिटं पुरेत. डोळे उघडे चालतील, आणि कुणाला तेवढा वेळ बाहेर थांबायचं असेल तर कारण विचारायचं नाही.