फुकट ठेवलं तरी ट्रेकला कोणी येईना, मग काय बदललं

आमचे जंगलातले गाइडेड वॉक फुकटच होते, तरी यायची तीच मंडळी, ज्यांच्याकडे गाडी आणि बूट आधीपासून आहेत. ज्यांच्यासाठी सुरू केलं त्या वस्तीतल्या बायकांशीच बोललो तेव्हा कळलं की अडचण पैशाची कमी आणि पोचायचं कसं, टॉयलेट कुठे, तान्ह्या बाळाला घेऊन चालेल का, याचीच जास्त होती.

मग ऑनलाइन फॉर्म काढूनच टाकला, थेट फोन. भेटायची जागा वस्तीच्या बसस्टॉपवर, गाइड तिथून सोबत. वापरलेले बूट सगळ्या साइजचे पोत्यात भरून, हवे त्याने घालायचे, नाव लिहायचं नाही (नाव लिहिलं की लोक लाजतात). चालायच्या वेळेचा हिशोब स्कॉटिश गिर्यारोहक नेइस्मिथचा १८९२ चा नियम सांगतो, ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला अजून एक, पण तो धडधाकट माणसांसाठी, लहान पोरं असली की तासाला एक किलोमीटर धरा आणि तेही जास्तच समजा, कारण खडकावरचं दगडफूल दाखवून हे बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात म्हटलं की भिंग हातातून सुटत नाही, आणि आज्याच पोरांना बाजूला सारतात.

शिखर वगैरे आता आम्ही जाहिरातीतही लिहित नाही.