बुधवारची गणना

रस्त्याच्या कामात नवीन आलेल्या पोरांना वाटतं, काम म्हणजे ऑटोकॅड, कॉम्प्युटरवर नकाशे काढणं. मलाही तसंच वाटायचं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हातात पॅड आणि छापील फॉर्म दिला आणि नाशिकला पंचवटीतल्या एका चौकात उभं केलं. सकाळी आठ ते रात्री आठ, दर पंधरा मिनिटांची वाहनं मोजायची. सरळ किती, डावीकडे किती, उजवीकडे किती. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

मोजणी मी चोख केली. तक्ता बघून साहेबांनी एवढंच विचारलं, "वार कोणता होता रे?"

बुधवार. म्हणजे गोदाघाटावरचा बाजार! रिक्षा, भाजीचे टेम्पो, हातगाड्या, सगळ्यांची त्या दिवशी त्याच बाजूला रीघ. शुक्रवारी पुन्हा बारा तास उभा राहिलो. तेव्हापासून फॉर्मवर मी तारखेच्या आधी वार लिहितो. बाजाराचा दिवसही जरूर मोजा, पण वेगळा. एरवीच्या सिग्नलची वेळ त्यावर बेतू नका. श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडवर मोजायला उभे राहाल तर हेच होईल.

मोजलेली वाहनं मग पीसीयूत बदलायची, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं ते धरायचं. आयआरसी १०६ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमपुस्तिकेत, शहरी रस्त्यासाठी कार १ धरली, तर ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ धरतात. बाजार समितीकडे कांदा घेऊन चाललेली ट्रॉली वळताना एकदा बघा, आकडा पटेल. चौकासाठी गुणांक वेगळे असतात, तिथे हाच तक्ता डोळे मिटून वापरू नका.

आणखी एक आकडा पाठ असू द्या. चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी भिडतात, त्यातले १६ थेट एकमेकांना छेदतात. तिठ्यावर एकूण ९ च. डिव्हायडरमधला एखादा कट बंद केला की लोक ओरडतात, तेव्हा समजावून सांगायला हे आकडे कामाला येतात. अर्थात लांबून वळसा घालावा लागणाऱ्या दुकानदाराला ते पटत नाहीत, आणि त्याचंही अगदीच चुकत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पाण्यानं. माझ्या दुसऱ्या कामात कर्ब, म्हणजे कडेचे दगड, बसले, डांबर झालं, झेब्राही आखून झाला. पहिल्याच पावसात नेमकं झेब्र्यावर तळं. कॅम्बर, म्हणजे रस्त्याचा आडवा उतार, २.५ टक्के, म्हणजे सात मीटरला साडेसतरा सेंटिमीटर उतार, तो बरोबर होता. पण चेंबरची जाळी डांबरापेक्षा बोटभर वर राहिली होती. सगळ्या लेव्हल, म्हणजे उंच-सखलपणाची मापं, मीच घेतल्या होत्या, त्या जाळीची तेवढी सोडून! कोपऱ्यावरच्या चहावाल्याला ती जागा आधीपासून ठाऊक होती. त्याला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

खोदकामाआधी ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते बघायला छोटा खड्डा, घ्याच. नकाशात पाण्याची लाइन जिथे दाखवलेली असते, तिथे ती सापडलीच तर नशीब समजा.

सिंहस्थ तोंडावर आहे, साइटला माणसं लागणार. एक्सेल आणि ऑटो लेव्हल, म्हणजे लेव्हल मोजायची दुर्बीण, एवढं जमलं तरी सुरुवात होते. डांबरीकरण बहुधा रात्री चालतं. व्हीजी-३० या प्रकारच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश लागतो, रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत संपलं पाहिजे. म्हणून डंपरवरची ताडपत्री निघाली की आधी तापमान बघायचं. थर्मामीटर मात्र स्वतःचा घ्या, साइटवरचा हमखास फुटलेला असतो.