रियुनियनच्या अंतर्भागातील एक दिवस: भूशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

बेसाल्टचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ताजा लाव्हा-खडक कुठे पाहावा, असे मला कोणी विचारले, तर मी हिंद महासागरातील रियुनियन बेटाचेच नाव घेईन. कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर ज्या तप्तबिंदूमुळे (पृथ्वीच्या पोटातून अतितप्त खडक वर येत राहतो अशा जागेमुळे) साचले, तोच आज या बेटाच्या बुडाशी आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. बेट फ्रान्सच्या अखत्यारीत असल्यामुळे व्यवहार युरोमध्ये होतात आणि सर्वत्र फ्रेंच व क्रिओल बोलली जाते. त्यामुळे ज्वालामुखीच्या एक दिवसाच्या सहलीवर नेणाऱ्या मार्गदर्शकाला आपल्याला समजणारी भाषा येते का, याची चौकशी नोंदणीपूर्वीच करावी.

मोठ्या बसपेक्षा मोजक्या माणसांच्या व्हॅनमधून जाणेच मी सुचवेन. व्हॅन वाटेत थांबू शकते, आणि या सहलीतील निम्मे शिक्षण त्या थांब्यांवरच होते. बूर म्युरा हे गाव सोडल्यावर रस्ता कुरणांमधून चढत ने द बफ येथे पोहोचतो, तेव्हा रिव्हिएर दे राँपार या नदीची खोल दरी एकदम समोर उघडते. तिच्या कड्यांमध्ये एकावर एक रचलेले लाव्हाथर स्पष्ट दिसतात. येथे छायाचित्रे काढून लगेच गाडीत बसू नये. मार्गदर्शकाकडे थोडा वेळ मागून थरांचे रेखाटन वहीत करावे.

पुढे प्लेन दे साब्ल हे लालसर-काळ्या ज्वालामुखीय कणांचे, जवळजवळ ओसाड पठार लागते, आणि ते ओलांडले की पा द बेलकोम्ब हा सुमारे २,३०० मीटर उंचीवरचा कडा येतो. समोर २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फूर्नेझ हा जागृत ज्वालामुखी उभा असतो. कड्यावरून पायऱ्या उतरून आँक्लो फूके या कॅल्डेराच्या (ज्वालामुखीचा भाग खचून झालेल्या विस्तीर्ण खळग्याच्या) तळावर गेल्यावर, पांढऱ्या रंगाच्या खुणा पाहत फॉर्मिका लेओपर्यंत चालता येते. हा लहानसा शंकू १७५३ साली तयार झाला. वाटेतील लाव्हाचा पृष्ठभाग कुठे दोरखंडासारख्या वळ्यांचा, तर कुठे खडबडीत आणि धारदार आहे. खाली बसून भिंगातून पाहिल्यास काही खडकांत ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट, काचेसारखे चमकणारे स्फटिक दिसतात, आणि शेजारच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांतून वायू कसा निसटला असेल, याचा अंदाज करता येतो. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलून आणण्यास मनाई आहे. म्हणून मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वर्णन तिथेच लिहावे.

सकाळ सरत आली की ढग बहुधा वर चढून सारे झाकून टाकतात. म्हणून पहाटे निघणारी सहलच निवडावी, आणि उष्ण कटिबंधातील बेट असले तरी लोकरीचे कपडे व चांगली पकड असलेले बूट न्यावेत.

उद्रेकाची चिन्हे दिसली की प्रशासन आँक्लोचे फाटक बंद करते. तशा वेळी बदललेला मार्ग कोणता आणि पैसे परत मिळण्याचे नियम काय, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे. मात्र केवळ फाटक बंद आहे म्हणून सहल रद्द करू नये, कारण ने द बफची दरी आणि प्लेन दे साब्ल यांवरच दिवसभराच्या नोंदी सहज होतात.